बकेट खाली ठेवा

गोंदिया जिल्ह्यात घरावर स्लॅब टाकायचा असेल तर नुसतं पंचांग पाहून भागत नाही. मुहूर्त महिन्याला चार सापडतात, माणसं सापडत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की मिस्त्रीच्या टोळीतल्या निम्म्या रेजा पहाटेच रानात. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलैत रोवणी, तेव्हा तर स्लॅबचा विषय काढणंसुद्धा असभ्यपणाचं. सगळा जिल्हा कमरेत वाकून बांधीत उभा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी, मग चुरणं, मग खरेदी केंद्रावर पोत्यांची राखण. हे सगळं उरकून माणूस जरा मोकळा झाला, की दिवाळीनंतरच्या मंडया सुरू. आज या गावची, उद्या त्या गावची. रात्रभर दंडार नाहीतर नाटक, आणि सकाळी मिस्त्रीचा फोन, "मॅडम, आज पोट्टे उठूनच नाही राह्यले जी."

मी शाळेत गणित शिकवते. कॅलेंडर समोर घेऊन वजाबाकी करत गेले, तर हाती जानेवारी उरला. जानेवारीत मिस्त्रीच्याच घरी लग्न निघालं.

तेव्हा नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल शिकणारा भाचा म्हणाला, "मामी, टोळी कशाला पाहिजे? रेडीमिक्स बोलाव. गाडी येते, पंप लावतात, दोन-तीन तासांत स्लॅब पडून जातो." नागपूरच्या पोरांना सिमेंटचं कौतुक असणारच. त्यांच्या शहरात डांबरी रस्ता दाखवायला आता गाइड लागतो. पण मुद्दा बिनतोड होता. वरच्या मजल्याच्या सळया कॉलममधून आकाशाकडे बघत गंजत होत्या आणि माझे सासरे, मामाजी, रोज सकाळी त्यांच्याकडे पाहून सुस्कारा टाकत होते.

मामाजींनाच हा बेत सगळ्यात कमी पटला. त्यांच्या लेखी स्लॅब म्हणजे तीस माणसं, डिझेलच्या मिक्सरचा धडधडाट, खालून वर हातोहात जाणारी घमेली, दुपारी बुंदी-चिवडा आणि रात्री मटण. "गाडी येईन, नळीनं माल टाकीन अन् चालली जाईन," ते म्हणाले, "हा स्लॅब हाय का पेट्रोल पंप?"

मिस्त्रीचा आक्षेप तात्त्विक होता. "आपल्या डोळ्यासमोर कालवलेला माल वेगळा मॅडम, अन् गाडीतून येनारा वेगळा. रस्त्यानं त्यात काय मिसळवते, कोनाले मालूम?" मी म्हटलं, तुम्ही आमच्या डोळ्यांसमोर काय मिसळता ते तरी मला कुठे कळतं? यावर तो बराच वेळ हसला आणि उत्तर द्यायचं विसरला.

मग मी प्लँटला फोन केला. पलीकडच्या माणसाने गोंदियाच्या रीतीप्रमाणे हिंदीत सुरुवात केली. आमच्याकडे घरात मराठी, पोवारी नाहीतर छत्तीसगढी काहीही बोलत असोत, पैशाचा व्यवहार आला की भाषा आपोआप हिंदी होते.

"सर को दीजिए ना मॅडम जरा. टेक्निकल पूछना है."

सर म्हणजे माझा नवरा बाजूलाच वर्तमानपत्र वाचत होता. त्याला फोन दिला. त्याने ऐकलं, फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ग्रेड कोणता?" मी सांगितलं, एम-२५. तो फोनमध्ये म्हणाला, "एम पचीस." पुन्हा हात. "स्लंप किती?" भाच्याने पढवून ठेवलं होतं, पंपाने टाकायचं तर १२० मिलिमीटरच्या आसपास. "एक सौ बीस." पुन्हा हात. "पंप कुठे उभा राहील, गाडी वळेल का, वर तारा आहेत का?" अशी अख्खी तांत्रिक चर्चा झाली. शेवटी पलीकडचा माणूस खूश होऊन म्हणाला, "सर, आप को तो सब मालूम है." सर म्हणाले, "हाँ, थोड़ा-बहुत रखना पड़ता है."

खरी चकमक झाली ती किती माल मागवायचा यावर. मिस्त्री स्लॅब मोजतो सिमेंटच्या बॅगांनी. त्याने वर जाऊन एक चक्कर मारली, डोळे बारीक केले आणि सांगितलं, "शंभर बॅगचा स्लॅब हाय." गिट्टी-रेतीवाला मोजतो ब्रासने. प्लँटवाला मोजतो घनमीटरने. आणि मामाजी मोजतात टोळीने, "आपला खालचा स्लॅब दोन टोळ्यांचा होता." या चौघांना एका खोलीत बसवलं असतं तर संध्याकाळपर्यंत कोणाचंही कोणाशी भांडण झालं नसतं, दुसरा काय म्हणतो हे कळलंच नसतं.

मी कागद घेतला. नऊशे चौरस फूट, जाडी पाच इंच, म्हणजे ३७५ घनफूट. बीम आणि जिना मिळून आणखी ८५. एकूण ४६०. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ४.६ ब्रास. ३५.३१ घनफुटांचा एक घनमीटर, म्हणजे तेरा घनमीटर आणि वर चिमूटभर. एका घनमीटरला अंदाजे आठ बॅग सिमेंट धरलं तर १०४ बॅगा. मिस्त्रीने डोळे बारीक करून सांगितलं होतं, शंभर! इतकी वर्षं मी पोरांना घनफळाची सूत्रं घोकायला लावते. एखाद्या तासाला या माणसाला वर्गात आणून नुसते डोळे बारीक करायला शिकवावं, असं मनात येऊन गेलं.

प्लँटवाल्याने साडेतेरा लिहिले. पाइपमध्ये थोडा माल अडकून राहतो, थोडा सांडतो. "तीन गाड़ी आएगी. छे, छे और डेढ़." मी मुहूर्त सांगितला, सकाळी नऊ दहा. तो म्हणाला, "मॅडम, सुबह पहले सड़क का माल जाएगा, बाद में आपका." सरकारी रस्त्याला शेकडो घनमीटर लागतात, आम्हाला साडेतेरा. त्या हिशेबात आम्ही कुठे बसतो हे आम्हाला समजलं. मामाजींनी गुरुजींना फोन करून साडेअकराचाही मुहूर्त काढून घेतला. गुरुजी अनुभवी होते. त्यांनी विचारलं, "रेडीमिक्स आहे का? मग दुपारी एकपर्यंत कधीही चालेल."

इथे थोडं थांबून या गाडीबद्दल सांगते, कारण त्या दिवशी आमच्या गल्लीत तिच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी निवडणुकीवरही होत नाही. काँक्रीट एका जागी तयार करून दुसरीकडे नेण्याचं पेटंट हॅम्बर्गच्या यूर्गेन मागेन्स नावाच्या माणसाने १९०३ मध्ये घेतलं. पुढे अमेरिकेत ओहायोमधल्या स्टीफन स्टेपॅनियन यांना वाटलं की नेता नेता वाटेतच कालवलं तर? फिरत्या ड्रमच्या ट्रकसाठी त्यांनी १९१६ मध्ये अर्ज केला आणि तो नामंजूर झाला; म्हणे मिक्सरचं एवढं वजन ट्रकला पेलणार नाही. आपल्याकडे या धंद्याने बाळसं धरलं ते नव्वदच्या दशकात, मुंबईपासून. तिथून गोंदियाच्या आमच्या गल्लीपर्यंत यायला त्याला तीसेक वर्षं लागली, आणि त्यातला शेवटचा थोडा वेळ रेल्वेफाटकावर गेला.

हो, फाटकावर. अकराच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला, "फाटक बंद है, मालगाड़ी खड़ी है." गोंदिया हे जंक्शन. मुंबई-हावडा मुख्य लाइन, एक फाटा बालाघाटकडे, एक चंद्रपूरकडे. गाड्यांची वाट पाहणं आमच्या अंगवळणी पडलंय. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस अख्खं राज्य आडवं कापत दुसऱ्या दिवशी इथे पोचते. तिला उशीर झाला तर आम्ही आणखी एक चहा घेतो. पण काँक्रीट चहा घेत नाही. सिमेंटला पाणी लागलं की त्याचं घड्याळ सुरू होतं, आणि गाडी भरल्यापासून दोन तासांच्या आत ती रिकामी व्हावी असं आयएस ४९२६ या भारतीय मानकात लिहून ठेवलंय. फाटकवाल्याचं मानक निराळं असतं.

समोरचे काकाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी मालगाडीची बाजू घेतली. "लाइन क्लिअर नसन तर गाडी कशी सोडतीन जी? तुमच्या स्लॅबसाठी हावडा लाइन बंद करू का?" मी म्हटलं, तसं नाही काकाजी, पण माल ड्रममध्येच घट्ट झाला तर? ते म्हणाले, "मंग तो बी आपल्या डेपोत जमा करा लागन."

गाडी शेवटी आली तेव्हा दोन तासांतला बराच वेळ शिल्लक होता, पण ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर फाटक होतंच. उतरल्या उतरल्या त्याने हेल्परला विचारलं, "शक्कर रखी थी ना?" शेजारच्या आजींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "चा पायजे म्हून सरळ सांग ना बाप्पा," आणि आत जाऊन चहा टाकला. साखर चहासाठी नव्हती. गाडी वाटेत बिघडली, माल ड्रममध्येच घट्ट व्हायची वेळ आली, तर ड्रायव्हर लोक ड्रममध्ये साखर ओततात. थोड्याशा साखरेनेही सिमेंटचं घट्ट होणं लांबतं. सबंध ड्रम फोडून काढण्यापेक्षा दोन-चार किलो साखर परवडते. हे मी आजींना समजावलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण ड्रायव्हरच्या चहात साखर जास्त टाकली.

मग गाडी गल्लीत घ्यायचा कार्यक्रम. सहा घनमीटर काँक्रीटचं वजन साडेचौदा टनांच्या आसपास, वर गाडीचं आणि ड्रमचं. आमची गल्ली नगर परिषदेच्या नकाशात आहे त्यापेक्षा प्रत्यक्षात चार ओटे, दोन जिने आणि एका तुळशी वृंदावनाने अरुंद आहे. केबलच्या तारा बांबूने वर उचलायला दोन पोरं, एक स्कूटर हलवायला, आणि ड्रायव्हरला "आने दो, आने दो" म्हणायला वीस माणसं. त्यातली दहा "आने दो" म्हणत होती आणि दहा "रुको". मागचं चाक काकाजींच्या नालीवरच्या ढाप्यावर आलं आणि ढाप्याने १९१६ च्या पेटंट कार्यालयाच्या मताला दुजोरा दिला.

गाडी तिथेच थांबली, म्हणजे पंपही गल्लीच्या तोंडाशी थांबला, आणि तिथून आमच्या घरापर्यंत लोखंडी पाइप जोडायची वेळ आली. पाइप काकाजींच्या फाटकासमोरून जाणार होता. काकाजी म्हणाले, "जाऊ द्या ना, कोन नाही म्हनते? फक्त माल उरला तर माह्या नालीच्या ढाप्याले दोन घमेले टाकजा." आजींच्या भिंतीलगत पाइप वळला तेव्हा त्यांच्या पायरीचा विषय निघाला. पलीकडच्या देवळाच्या समितीला चबुतरा वाढवायचा होता. पाइप अजून कोरडा होता आणि आमचा स्लॅब उरण्याच्या आधीच वाटून झाला होता.

आता एका माणसाकडे लक्ष द्या. प्लँटवरून आलेला तो तरुण पोरगा, हातात पत्र्याचा एक नरसाळ्याच्या आकाराचा साचा घेऊन उभा होता. उंची ३० सेंटीमीटर, खाली रुंद, वर अरुंद. सपाट पत्रा जमिनीवर ठेवून, पायांनी साचा दाबून धरून, त्याने त्यात तीन थरांत काँक्रीट भरलं. प्रत्येक थराला सळईने मोजून पंचवीस टोचे. गल्ली शांत. पोरं पुढे सरकली. मामाजी खुर्ची घेऊन आले. पोराने वरचा भाग करणीने सपाट केला, दोन्ही मुठी धरल्या आणि साचा हळूच सरळ वर उचलला. आतला ढीग क्षणभर उभा राहिला आणि मग खाली बसला.

"पडलं!" गल्लीतून एकच आवाज. "फेल हाय माल!" मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, सांगत होतो ना, असा चेहरा. पोराने शांतपणे साचा बाजूला उलटा ठेवला, त्यावर सळई आडवी ठेवली, टेपने मोजलं आणि वहीत लिहिलं, ११५. ढीग किती खाली बसतो तेच तर मोजायचं असतं, तोच स्लंप. तो अजिबात बसला नसता तर पंपातून गेला नसता. फतकल मारून पसरला असता तर गाडी परत पाठवावी लागली असती. मी हे मोठ्याने सांगितलं. वर्गात सांगते त्याच सुरात. वर्गात होतो तेवढाच परिणाम झाला.

आणि मग सुरू झालं ते पाणी.

पहिल्यांदा मिस्त्री म्हणाला, "माल जाड हाय, थोडं पानी टाका लागते." मग पंपावरचा माणूस म्हणाला, "भैया, थोड़ा पानी मारो, पाइप में चलेगा अच्छा." मग काकाजी. मग देवळाच्या समितीतले एक गृहस्थ, ज्यांना मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. वर स्लॅबवर माल ओढणाऱ्या पोरांनी फावडं थांबवून ओरडून सांगितलं, "पानी!" आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांदेखत तीन घरांतून तीन भरलेल्या बकेटा बाहेर आल्या. नळाला एक दिवसाआड पाणी येतं त्या गल्लीत! एरवी पाहुण्याला अर्धा ग्लास देताना विचार करणारी माणसं गाडीच्या ड्रममध्ये अख्खी बकेट ओतायला उभी.

यांना अडवायला माझ्याकडे डफ अब्राम्स होते. या अमेरिकन माणसाने शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये पुष्कळ ठोकळे फोडून १९१८ मध्ये सांगून ठेवलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: सिमेंटच्या प्रमाणात पाणी किती. पाणी वाढलं की ताकद उतरली. सिमेंटला स्वतःसाठी लागतं ते पाणी थोडंच. बाकीचं आपण कामाच्या सोयीसाठी घालतो. ते पुढे उडून जातं आणि जाताना बारीक भोकं ठेवून जातं. पन्नास किलोच्या बॅगेला २५ लिटर म्हणजे आपल्या मानकाप्रमाणे पावसात भिजणाऱ्या अशा स्लॅबसाठी वरची मर्यादा, आणि तेवढं पाणी प्लँटवरच मोजून पडलेलं असतं. माल पातळ हवा असेल तर त्यासाठी वेगळं रसायन असतं. ते प्लँटचा माणूस मोजून घालतो, काकाजी नाही.

एवढं सगळं मी तिथे सांगितलं नाही. मी ड्रमच्या शिडीजवळ खुर्ची टाकली, त्यावर बसले आणि म्हटलं, "बकेट खाली ठेवा." पहिला माणूस थबकला. म्हटलं, "खाली. ठेवा." नववीच्या वर्गाला पंधरा वर्षं हाताळल्यावर आवाजाला एक ग्रेड येतो, तो एम-२५ च्या वर असतो. बकेट खाली आली.

त्यावर मिस्त्री दुसऱ्या वाटेने आला. पाइपमधून पडलेल्या मालाचा एक गोळा हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, हे काळं काहून दिसून राह्यलं? यात राख हाय." गल्लीत पुन्हा कुजबुज. सिमेंटमध्ये राख! भेसळ! पोरगा म्हणाला, "है ना, फ्लाय ॲश है," इतक्या सहज, की चोर कबूल झाल्याचा आनंद सगळ्यांच्या चेहऱ्यावर पसरला. खरं म्हणजे तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प असलेल्या जिल्ह्यात राखेचं नवल वाटायला नको. मिस्त्री स्वतः आयुष्यभर ज्या पीपीसी सिमेंटच्या बॅगा फोडत आलाय, त्यातही कंपनीनेच १५ ते ३५ टक्के राख दळून टाकलेली असते. बॅगेवर छापलेलंही असतं. राखेमुळे काँक्रीट जरा सावकाश ताकद धरतं, पण पुढे घट्ट विणीचं होतं. आणि आयएस ४५६ मध्ये तर धानाच्या टरफलाच्या राखेलाही परवानगी आहे. भातगिरण्यांच्या या गावाचं काँक्रीटमध्ये नाव निघेल तर तिथेच निघेल. मिस्त्रीला बॅग आणून दाखवली. त्याने वाचली, आणि म्हणाला, "म्हनजे आमी बी भेसळच करत होतो का जी इतके दिवस?" बिचाऱ्याचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

त्याला वाईट वाटून घ्यायला फार वेळ मिळाला नाही. पंप सुरू झाला होता. टोळीच्या स्लॅबला दम खायची सोय असते. घमेलं उशिरा आलं, मिक्सर बंद पडला, रेजा पाणी प्यायला गेली, सगळं चालतं. इथे पाइपच्या तोंडातून माल थांबायचं नाव घेईना. आठ माणसं वर, एक पाइप धरून, एक व्हायब्रेटर घेऊन, बाकी फावडी ओढत, आणि मिस्त्री मधोमध उभा राहून ओरडतोय, "बीममधी! आधी बीममधी! अरे एका जागी ढीग नको करू, सेंट्रिंग बसन!" खालून एक माणूस बल्ल्यांच्या पाचरी ठोकत फिरत होता. पहिली गाडी पाऊण तासात रिकामी. दुसरीला फाटक उघडं मिळालं आणि ती पहिली निघायच्या आधीच हजर, तर तिसऱ्या दीड घनमीटरवाल्या गाडीने अर्धा तास वाट पाहायला लावली. त्या अर्ध्या तासात ओल्या मालाची कड सुकू नये म्हणून मिस्त्रीने ती गोणपाटाने झाकली. कोणी सांगितलं नव्हतं. गाडीवर त्याचा विश्वास नसेल. मालाची त्याला दया होती.

तीन वाजता स्लॅब पडला होता. मामाजी वर येऊन कडेने फिरले. खाली वाकून एका ठिकाणी रंध्याची रेघ पाहिली, दुसऱ्या ठिकाणी पाहिली. "एवढ्यात झाला?" त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, फसवणूक झाल्याची भावना होती. मटण तीस माणसांचं सांगून ठेवलेलं होतं.

माल उरला, पण फार नाही. पंपाच्या हॉपरमध्ये आणि पाइपांत राहतो तेवढा. तो काढून पाइप लगेच धुवावे लागतात, नाहीतर पंपवाल्याचं नुकसान. तो हॉपर उघडायच्या आत गल्ली रांगेत होती. काकाजी घमेलं घेऊन, आजींचा नातू तगारी घेऊन, देवळाची समिती हातगाडी घेऊन. ढाप्याला दोन घमेली, कारण आमच्याच गाडीने तो फोडला होता. त्यावर वाद नव्हता. आजींची पायरी झाली. समितीला जे मिळालं त्यात चबुतरा झाला नाही, चबुतऱ्याचा कोपरा झाला. सगळ्यांत शहाणी पोरं. त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात माल भरला, त्यात तीन स्टंप उभे खुपसले आणि डबा सावलीत ठेवला. डांबरी गल्लीत क्रिकेट खेळायला याहून चांगली सोय नाही. एका पोराने मला विचारलं, "मॅडम, याच्यात पाणी टाकू का?" मी म्हटलं, उद्यापासून.

आणि इथेच सगळी गंमत आहे. त्या दिवशी पाणी टाकायला गल्ली लोटली होती. दुसऱ्या दिवसापासून, जेव्हा खरंच पाणी टाकायचं असतं, तेव्हा कोणी नाही. मिस्त्रीने स्लॅबवर पाळी घालून क्यारे केले, त्यात पाणी भरून ठेवायचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख असेल तर किमान दहा, आणि चौदा केले तर उत्तम, असं मानक सांगतं. मिस्त्रीचा पोरगा एकदा येऊन गेला, मग त्याच्या मामाच्या गावची मंडई होती. नवरा म्हणाला, "रात्री दव पडतंय ना?" काकाजी आपल्या नव्या ढाप्यावर रोज दोन तांबे ओतत, आणि तिथून वर आमच्या स्लॅबकडे पाहून मला सांगत, "कोरडा पडला जी तुमचा." बकेट मात्र त्यांनी वर आणली नाही. शेवटी मामाजींनी ते काम अंगावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन वर जात. क्यारे भरले की कडेला बसून राहत. गाडीवरचा त्यांचा राग या पाण्यात हळूहळू उतरला असावा, कारण तिसऱ्या आठवड्यात ते एका पाहुण्याला सांगत होते, "आपन तर रेडीमिक्सच टाकला. एम-पंचवीस."

त्या साचेवाल्या पोराने जाताना सहा लोखंडी साच्यांत ठोकळे भरून नेले होते, १५ सेंटीमीटरचे. तीन सात दिवसांनी फोडायचे, तीन अठ्ठावीस दिवसांनी. एम-२५ म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन. हिशेब केला तर तळहाताएवढ्या त्या ठोकळ्याने सत्तावन्न टनांच्या आसपास भार सोसायला हवा, म्हणजे काकाजींचा ढापा फोडणाऱ्या भरलेल्या गाडीसारख्या दोन गाड्या. रिपोर्ट आला. ठोकळे पास झाले होते. मी तो लॅमिनेट करून मिस्त्रीला दाखवला. त्याने नीट पाहिला आणि विचारलं, "हे ठोकळे तर प्लँटवाल्यानं पान्यात बुडवून ठेवले होते ना? मंग तुमच्या स्लॅबवर बी तेवढंच पानी पडलं का?"

प्रश्न रास्त होता. म्हणून यंदा ज्यांच्या घरी स्लॅब आहे त्यांना एवढंच सांगते: आधी गल्लीची रुंदी आणि नालीचा ढापा मोजा, मग घनमीटर मोजा. स्लॅबच्या दिवशी ड्रमजवळ एक माणूस पाणी टाकू न द्यायला बसवा आणि दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस एक माणूस पाणी टाकायला ठेवा. दोन्ही कामांना एकच माणूस ठेवू नका, तो हमखास उलटं करतो. आणि मटण आठच माणसांचं सांगा.